मराठवाड्यातल्या कॅथलिक शाळा: छावणीतलं कॉन्व्हेंट, वैजापूरकडचं बोर्डिंग, आणि हा इतिहास लिहायचा कसा?

वेरूळकर:
मंडळी, एक प्रश्न आणि एक मत, दोन्ही एकाच धाग्यात घेतोय.

औरंगाबादेत (आता संभाजीनगर, पण माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर औरंगाबाद आहे म्हणून तसंच लिहितो) कॅथलिक शाळांचा विषय निघाला की गाडी सरळ जालना रोडवर नाहीतर छावणीत जाते. सेंट फ्रान्सिस, होली क्रॉस, लिटल फ्लॉवर. टाय, पॉलिश केलेले बूट, कॅलेंडरमधला रिमार्क, ॲडमिशनच्या फॉर्मसाठी आईबापांची धावपळ. हे सगळं खरंच आहे आणि आमच्यापैकी कितीतरी जणांचं बालपण त्यात गेलंय. पण मला वाटतं आपण ही गोष्ट मधूनच सांगायला लागतो.

मराठवाड्यात कॅथलिक मिशनचं मोठं काम खेड्यात होतं. १८९० च्या दशकात फ्रेंच फादर घोगरगावला आले, वैजापूर-गंगापूरच्या कोरडवाहू पट्ट्यात, निजामाच्या राज्यात. तिथं मराठीतून प्रार्थना, मराठीतून पाटी-पेन्सिल, आणि पुढं बोर्डिंग. शहरातली इंग्रजी शाळा आणि गावाकडचं मराठी बोर्डिंग ही एकाच घरातली दोन भावंडं, पण एकाला दुसऱ्याची ओळख नाही. मी स्वतः शहरातल्या शाळेत पूर्ण दहा वर्षं शिकलो आणि आमच्याच फादरांची गावात मराठी शाळा आहे हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

तर प्रश्न असा: या शाळांचा इतिहास कुणी नीट लिहिलाय का? नसेल तर कुठून सुरुवात करायची? ज्यांच्याकडं आठवणी आहेत त्यांनी सविस्तर लिहा. तक्रार असेल तरी लिहा, फक्त तक्रार लिहिताना शाळेचं नाव घेऊ नका, उगाच भांडणं नकोत.

सिल्लोड_एक्सप्रेस:
चांगला विषय. वाचतोय.

छावणीची_पोर:
अरे वा! मी लिहिणार, मोठं लिहिणार.

आमची शाळा मुलींची, सिस्टर लोकांची. सकाळी असेंब्ली, ओळी एकदम सरळ, पुढचीच्या खांद्यावर हात ठेवून अंतर घ्यायचं. आधी प्रार्थना, मग बातम्या, मग 'थॉट फॉर द डे', मग राष्ट्रगीत. प्रार्थनेला सगळ्याच हात जोडायच्या, माझ्या शेजारी उभी राहणारी मैत्रीण मुसलमान, मागची जैन, मी देशस्थांच्या घरातली. कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मग तासाला एक गंमत व्हायची. आठवड्यातून एकदा 'कॅटेकिझम' (कॅथलिक मुलींचं धर्मशिक्षण) आणि 'मॉरल सायन्स' एकाच वेळी असायचं, कॅथलिक मुली वही घेऊन दुसऱ्या खोलीत जायच्या आणि आम्ही बाकीच्या मॉरल सायन्सला बसायचो. तेव्हाच फक्त कळायचं की वर्गात कॅथलिक किती कमी आहेत. बाकांवर जेमतेम चारपाच जागा रिकाम्या व्हायच्या. लोकांना वाटतं मिशनची शाळा म्हणजे सगळी ख्रिश्चन पोरं, तसं काहीच नव्हतं.

शिस्त कडक होती हे खरं. नखं, केस, रिबिन, पिनोफोरची लांबी. पण सिस्टर आजारी पोरीच्या घरी स्वतः चालत जायच्या तेही मी बघितलंय. आमच्या वर्गात एकीचे वडील अचानक गेले, तिची फी पुढं कधीच मागितली गेली नाही, आणि हे आम्हाला वर्गात कुणी सांगितलं नाही, तिनंच खूप वर्षांनी सांगितलं. मला त्या शाळेबद्दल जो आदर आहे तो इंग्रजीसाठी नाही, ह्याच्यासाठी आहे.

खाम_नदी:
सिस्टरच्या कमरेच्या किल्ल्यांचा आवाज विसरलीस का? तो आवाज जिन्यात आला की अख्खा वर्ग भूगोलाच्या पुस्तकात बुडायचा :)

छावणीची_पोर:
हो रे! आणि पुस्तक उलटं धरलेलं असायचं.

लातुरी_ठेचा:
मी जरा उलटं बोलणार हाय, राग मानू नका.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला. दहावी तिथंच, मग लातूरला. तुम्ही लोक फादर-सिस्टरच्या आठवणी काढायलाव ते ठीक हाय, पण या शाळांनी मराठवाड्यात इंग्रजीची एक भिंत उभी केली हे पण लिवा. कॉलेजला आल्यावर कॉन्व्हेंटवाली पोरं पुढच्या बाकावर आन आम्ही मागं. मास्तर प्रश्न इंग्रजीत विचारायचा, आम्हाला उत्तर यायचं पण तोंडातून निघायचं न्हाई. आन ती भिंत बघून गावागावात पुढाऱ्यांनी 'सेंट' अमुक नि 'कॉन्व्हेंट' तमुक नावाच्या शाळा काढल्या, ज्यांचा चर्चशी काडीचा संबंध न्हाई. पत्र्याचं शेड, टाय मात्र लाल. आमच्या तालुक्यात असल्या शाळा इतक्या हायत की खरी कॅथलिक शाळा कोणती ते सांगता येत न्हाई.

आन दुसरं. माझ्या ओळखीच्या एकाला शाळेत मराठी बोलला म्हणून दंड भरावा लागलता. घरात मराठी, गल्लीत मराठी, आन शाळेत आईची भाषा बोलला म्हणून दोन रुपये. हे लेकराच्या मनाला लागतंय.

खाम_नदी:
दंडाचं आमच्याकडं पण होतं, नाव घेत नाही. पण खरं सांगू का, मधल्या सुट्टीत आम्ही मराठीही बोलत नव्हतो आणि इंग्रजीही नाही, आमची आपली औरंगाबादी चालायची, "काय को रे", "हौला", "नक्को". त्याला दंड लावायला मॉनिटरलाच कळायचं नाही की ही भाषा कोणती लिहायची.

नववी_ब_च्या_बाई:
मी अशाच एका शाळेत बरीच वर्षं मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. लातूरकरांचा मुद्दा मला मनापासून पटतो. मराठी बोलण्याला दंड ही पद्धत चुकीचीच होती आणि आम्ही काही शिक्षकांनी स्टाफ मीटिंगमध्ये ते स्पष्ट बोलून दाखवलं होतं. पुढे ती बंद झाली. आता तर २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्याच शाळांना, बोर्ड कुठलंही असो, मराठी शिकवणं सक्तीचं आहे.

पण आतून बघितलेली दुसरी बाजू पण सांगते. आमच्या वर्गात मल्याळी नर्सची मुलं, छावणीतल्या फौजींची मुलं, उर्दू घरातली मुलं, गोवेकर, गुजराथी, आणि मराठी घरातली तर होतीच. एका वर्गात इतक्या घरांतून आलेली मुलं मराठी निबंध लिहायची तेव्हा मराठीला जे वळण मिळायचं ते मला एकजात मराठी वर्गात कधी दिसलं नसतं. एक मुलगा, घरात उर्दू, त्याने पावसावर निबंध लिहिला होता आणि मी तो सगळ्या तुकड्यांमध्ये वाचून दाखवला. केरळहून नवीन आलेले ब्रदर (अजून फादर व्हायचे असतात, मधली एकदोन वर्षं शाळेत काम करतात) ते माझ्याकडे संध्याकाळी बाराखडी शिकायला यायचे, कारण पुढे त्यांना गावाकडच्या धर्मग्रामात (एका चर्चच्या भागात) पाठवणार असायचे आणि तिथे मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत. 'ळ' त्यांना माझ्यापेक्षा चांगला यायचा!

तेव्हा मिशनच्या लोकांनी मराठी टाकली असं नाही. शहरातल्या पालकांना मराठी नको होती, हे जास्त खरं आहे. ॲडमिशनला आलेले वडील मला सांगायचे, मॅडम मराठी काय तो घरी शिकेल.

लातुरी_ठेचा:
बाई, हे पटलं. पालकांचं खरं हाय.

गंगापूरकर:
वेरूळकर, धागा काढला ते फार बरं केलं. मी त्या दुसऱ्या भावंडातला आहे, बोर्डिंगवाला. म्हणून जरा लांब लिहितो, कुणी टोकू नका.

आमचं घर गावाच्या कडेला. आजोबांच्या आधीच्या पिढीनं बाप्तिस्मा घेतलेला. मराठवाड्यातले खेड्यातले कॅथलिक बहुतेक गावकुसाबाहेरच्या वस्तीतले, हे इथं स्पष्ट लिहिलं पाहिजे, कारण शहरातल्या लोकांना ख्रिश्चन म्हटलं की गोव्याचा माणूस आठवतो. आमच्यात आडनावं मराठी, बोली मराठी, लग्नात हळद, आणि गळ्यात क्रॉस. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या (येशूची आई मरिया) यात्रेला जायचं, तिथं तर आमच्यापेक्षा इतर धर्माचे लोक नवस फेडायला जास्त.

माझे वडील बोर्डिंगमध्ये राहिले, नंतर मी पण. पत्र्याची पेटी, एक सतरंजी, ताट-वाटी घरून आणायची. पहाटे घंटा. विहिरीवर आंघोळ, थंडीत दात वाजायचे. मग प्रार्थना, मग झाडलोट, मग अभ्यास, मग शाळा. जेवण भाकरी आणि पातळ वरण, रविवारी मात्र वेगळं काहीतरी. वडिलांच्या वेळी ज्यांच्याकडं पैसे नसायचे ते ज्वारी आणून द्यायचे, सुगी झाली की पायलीनं मोजून. शाळेला लागून शेत होतं, निंदायला खुरपायला आम्हीच. कुणी म्हणेल पोरांकडून काम करून घेतलं, मला तसं वाटत नाही, त्याच शेतातली ज्वारी आमच्या ताटात यायची.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथं एका पंगतीत बसायचो. गावात जिथं पाणी वरून ओतायचे तिथून आलेली पोरं एका पंगतीत, एका हंड्यातलं पाणी, आणि वाढायला फादर स्वतः. वडील आयुष्यभर हे सांगायचे. इंग्रजी त्यांना कधी आली नाही. पण सातवी पास झाले आणि नोकरीला लागले, आणि मग आम्ही सगळी भावंडं शिकलो.

आता दुखरी बाजू. बाबासाहेबांनी १९५६ ला धम्म स्वीकारला तेव्हा आमच्या भावकीतले निम्मे तिकडं गेले. एकाच आजोबांची नातवंडं, एक घर बौद्ध, एक कॅथलिक, येणंजाणं सगळं चालू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या, १९५६ ला शिखांना मिळाल्या, १९९० ला बौद्धांना मिळाल्या. ख्रिश्चनांना नाही. महाराष्ट्रात आम्ही ओबीसीत येतो. माझा चुलत भाऊ आणि मी, एकाच वस्तीत वाढलो, एकाच विहिरीवरून हाकललेल्या घराण्यातले, आणि फॉर्म भरताना दोघांचे रकाने वेगळे. म्हणून आमच्यासाठी बोर्डिंग ही फार मोठी गोष्ट होती, सरकारी वसतिगृहाची वाट आम्हाला तितकी मोकळी नव्हती.

शहरातल्या फादरांच्या शाळेबद्दल आम्ही बोर्डिंगमध्ये ऐकायचो फक्त. तिथं प्रयोगशाळा आहे, तिथं बास्केटबॉलचं ग्राउंड आहे. एकदा स्पर्धेला गेलतो तेव्हा बघितलं. आमच्याशी कुणी वाईट वागलं नाही, पण कुणी बोललंही नाही. वेरूळकर म्हणतात ती अनोळख दोन्हीकडून होती.

छावणीची_पोर:
गंगापूरकर, हे वाचून गप्प झाले थोडा वेळ. आमच्या शाळेत दर लेंटमध्ये (ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस) 'मिशन'साठी पैसे गोळा व्हायचे, डब्यात टाकायचो. कुठं जातात ते कधी विचारलं नाही. ते कदाचित तुमच्या सतरंजीपर्यंत यायचे.

गंगापूरकर:
येत असतील ताई. पण पैशापेक्षा तुमच्या वर्गाला एकदा बसने आमच्याकडं आणायला पाहिजे होतं.

जालन्याचा_मोसंबी:
आमच्या जालन्याला विसरू नका. मिशनचं काम औरंगाबादच्या आधी जालन्यात झालंय, मिशन हॉस्पिटल, चर्च, बेथेल वगैरे. शाळा पण.

शुलीभंजन:
जालन्याचं काम मोठं आहेच, पण ते कॅथलिक नाही, प्रोटेस्टंट. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, धर्मांतरित दलित कुटुंबांसाठी. औरंगाबादेतही चर्च मिशनरी सोसायटीचे रत्तनजी नौरोजी होते, मूळचे पारशी. दोन्ही परंपरा वेगळ्या, फादर-सिस्टर आणि पाद्री-मॅडम असा साधा फरक लक्षात ठेवा. इतिहास लिहिणार असाल तर पहिल्याच पानावर हे वेगळं करावं लागेल, कारण गावातले लोक दोघांनाही मिशनच म्हणतात आणि आठवणी एकमेकांत मिसळून जातात.

आता कॅथलिक बाजू. आपल्याकडं आलेले फादर मुख्यतः सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या मिशनरी संघाचे, फ्रान्सेलियन म्हणतात त्यांना. संघ काढला पीटर मेर्मिए यांनी, ॲनसी गावात, १८३८ साली. त्याच वर्षी त्यांनी क्लोदिन एशेर्निए यांच्यासोबत शाव्हानोच्या सिस्टरांचा संघ पण उभा केला, ज्यांना विदर्भात होली क्रॉसच्या सिस्टर म्हणून ओळखतात. फादरांची पहिली तुकडी १८४५ ला भारताकडं निघाली, मुक्काम विशाखापट्टणम. तिथून मध्य प्रांतात, नागपूरची सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० ची. १८८७ ला नागपूरचा धर्मप्रांत (एका बिशपच्या हाताखालचा भाग) झाला आणि आपला भाग त्याला जोडलेला. १९५५ ला अमरावती वेगळा झाला, आपण अमरावतीत. आणि १९७७ च्या डिसेंबरात औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत. म्हणजे कागद शोधायचे तर ते इथं कमी, नागपूर-अमरावतीला जास्त असायची शक्यता. हे डोक्यात ठेवूनच निघायचं.

खाम_नदी:
फ्रेंच फादर म्हणता, पण ॲनसी सव्हॉयमध्ये ना? १८३८ ला सव्हॉय फ्रान्समध्ये नव्हतं.

शुलीभंजन:
बरोबर, सार्डिनियाच्या राज्यात होतं, १८६० ला फ्रान्सला जोडलं गेलं. घोगरगावला फादर आले तोवर मात्र फ्रेंचच. फादर जाकिये यांचं नाव त्या भागात आजही घेतात.

सिल्लोड_एक्सप्रेस:
सेंट फ्रान्सिस म्हणजे ते पक्ष्यांशी बोलणारे का?

छावणीची_पोर:
ते असिसीचे. हे सेल्सचे, १५६७ ते १६२२, जिनिव्हाचे बिशप. लोक प्रवचनाला येईनात तर हाताने पत्रकं लिहून लोकांच्या दाराच्या फटीतून आत सरकवायचे, म्हणून पत्रकारांचे आश्रयदाते संत मानतात. एका बहिऱ्या माणसाला खुणांनी धर्मशिक्षण दिलं, म्हणून कर्णबधिरांचेही. २४ जानेवारीला सण, त्या दिवशी आमच्या भावाच्या शाळेत अर्धी सुट्टी आणि मला पूर्ण शाळा, फार चिडायचे मी.

नववी_ब_च्या_बाई:
या संतांचा स्वभाव सौम्य होता, रागावर ताबा ठेवायला त्यांनी वर्षानुवर्षं घालवली असं सांगतात. आमचे एक मुख्याध्यापक फादर छडी वापरणाऱ्या सरांना ऑफिसात बोलावून शांतपणे एवढंच म्हणायचे, सर शाळा कुणाच्या नावाची आहे? सरांची छडी काही दिवसांत कपाटात गेली.

मुद्याचं_बोला:
सगळं भावनिक चाललंय. मला कायद्याचं विचारायचंय. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागा यांना लागू नाहीत. घटनेच्या कलम ३० मुळे अल्पसंख्याक संस्था म्हणून सूट, २०१४ ला सुप्रीम कोर्टानं तसं सांगितलं. मग गरीब पोरानं जालना रोडच्या शाळेत जायचं कसं? बोर्डिंगमध्ये एका पंगतीत बसवणारे शहरात पंचवीस टक्के का देत नाहीत?

लातुरी_ठेचा:
हेच म्हणायलतो मी.

शुलीभंजन:
कलम ३० नसतं तर १९५० नंतर या शाळा अशा टिकल्या असत्या का हा पण विचार करा. अल्पसंख्याकांना आपली संस्था आपल्या पद्धतीनं चालवायचा हक्क आहे, तो काढून घेतला की उद्या मदरसे, गुरुद्वाऱ्यांच्या शाळा सगळ्यांचाच प्रश्न येतो.

मुद्याचं_बोला:
हक्काला विरोध नाही. सक्ती नाही म्हणून करायचंच नाही असं कुठं लिहिलंय? स्वतःहून पंचवीस टक्के जागा द्या ना, गावातल्या कॅथलिक पोरांपासून सुरुवात करा.

गंगापूरकर:
काही ठिकाणी देतात, मी स्वतः अशी पोरं बघितलीत, फी माफ, पुस्तकं फुकट. पण ते फादरच्या मर्जीवर. नवीन फादर आले की पुन्हा पहिल्यापासून ओळख. मुद्द्याचं बोला यांच्या बाजूनं माझं मत. नियम करून द्यावं, उपकार म्हणून नको.

सिल्लोड_एक्सप्रेस:
जरा खाण्याचं पण बोला की कुणीतरी, डबा काय असायचा?

खाम_नदी:
शुक्रवारी माझ्या मित्राच्या डब्यात नान-खलिया. अख्खा बाक रिकामा व्हायचा आणि त्याला माझी शेपूची भाजी मिळायची. तो आजही म्हणतो की त्याने माझ्यामुळे शेपू खायला शिकला, मी म्हणतो तुझ्यामुळे माझी शाकाहारी आई रडली.

छावणीची_पोर:
आणि नाताळच्या आधी वर्गावर्गात गव्हाणी (येशूजन्माचा देखावा) करायची स्पर्धा! आमच्या वर्गाने एकदा वेरूळच्या लेण्यात येशूबाळ ठेवला होता, थर्माकोलचं कैलास मंदिर. सिस्टर बघत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, देव इथेही जन्मला असता. पहिला नंबर आम्हाला.

किनवटची_माय:
मी उशिरा आले. माझ्या सासूबाईंची ७२ च्या दुष्काळातली आठवण सांगते. सरकारी कामावर खडी फोडायला जायचे सगळे, खायला लाल मिलो. त्यांच्या गावाजवळच्या मिशनच्या शाळेत दूध पावडरीचं दूध वाटायचे, आणि कोणत्या धर्माचं लेकरू ते विचारायचे नाहीत. सासूबाई वारकरी घरातल्या, माळकरी. त्या सांगायच्या की फादरच्या हातचं दूध पिऊन आमचा थोरला जगला. मरेपर्यंत नाताळला त्या शाळेत शेरभर शेंगदाणे पाठवायच्या. असं कुणी लिहून ठेवलंय का? हे पुस्तकात आलं पाहिजे.

नववी_ब_च्या_बाई:
किल्लारीच्या भूकंपानंतर, ३० सप्टेंबर १९९३, आमच्या शाळेने दोन आठवडे कपडे-भांडी जमवली होती. मुलांनीच वर्गवारी केली, गाठोडी बांधली. बाकी मदत सगळ्यांनीच केली, आम्ही काही वेगळे नव्हतो, पण मुलांना त्यातून मराठवाडा म्हणजे आपलाच प्रदेश हे पहिल्यांदा कळलं असं मला वाटतं. तोपर्यंत त्यांचा नकाशा औरंगाबाद, पुणे, मुंबई असाच.

वेरूळकर:
सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नावर परत येतो. आठवणी ठीक, कागद कुठले? शुलीभंजन म्हणतात नागपूर-अमरावती. इथं काय सापडेल?

शुलीभंजन:
माझ्या मते या क्रमाने जा.

सगळ्यात आधी शाळेचं जनरल रजिस्टर, दाखल-खारीज. मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, जात, कधी आला, कधी गेला, का गेला. त्या 'का गेला' रकान्यात अख्खा इतिहास असतो, दुष्काळ, लग्न, गाव सोडलं. २०२३ ला न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली निजामकाळातली कागदपत्रं धुंडाळली ना, त्यात शाळांची जुनी रजिस्टरं पण होती. तेव्हा कुठं लोकांना कळलं की शाळेच्या कपाटात काय पडलंय.

मग बाप्तिस्मा आणि लग्नाची रजिस्टरं, ती चर्चमध्ये असतात, पूर्वी लॅटिनमध्ये भरायचे. गाव आणि वर्ष मिळालं की कोणत्या वस्तीत मिशन कधी पोचलं ते कळतं. मग वार्षिकांक, स्मरणिका. निजाम सरकारशी झालेला पत्रव्यवहार असला तर तो हैदराबादला, राज्य पुराभिलेखागारात, तारनाक्याला. तिथं जायला तयारी करून जायचं, उर्दू-फारसी वाचणारा माणूस सोबत.

मुद्याचं_बोला:
निजामाच्या राज्यात माध्यमिक शिक्षण बहुतेक उर्दूत, उस्मानिया विद्यापीठ १९१८ ला निघालं ते पण उर्दूत. अशा वेळी मिशनच्या गावातल्या शाळा मराठीत चालल्या असतील तर हाच एक मोठा धडा होईल पुस्तकात. इथं औरंगाबादेत सरस्वती भुवन शिक्षणसंस्था १९१५ ला निघाली ते आपल्याला पाठ असतं, गावातल्या या शाळा कुणालाच माहीत नाहीत.

लातुरी_ठेचा:
हे मात्र आवडलं. मी सुरुवातीला भिंत म्हणलतो, ती शहराची गोष्ट. गावाकडं यांनी मराठी जपली असंल तर ते ठळक अक्षरात छापा. आन ते दंडाचं पण छापा. दोन्ही.

वेरूळकर:
दोन्ही छापायचं, शब्द दिला.

गंगापूरकर:
आमच्या बोर्डिंगचं जुनं रजिस्टर मी बघितलंय. कापडी बांधणीचं, पानं पिवळी, कडा तुटायला लागल्यात. सुरुवातीच्या काही पानांवर उर्दूत नोंदी आहेत, बहुतेक तपासणीला आलेल्या साहेबांचे शेरे. कुणाला वाचता आले नाहीत म्हणून तसेच पडलेत. आत्ताचे फादर तरुण आहेत, मराठी छान बोलतात, त्यांना विचारलं तर नाही म्हणणार नाहीत. रविवारी मिस्सा झाल्यावर ते ऑफिसात बसतात.

नववी_ब_च्या_बाई:
उर्दूची सोय मी करते. आमच्या शेजारी उर्दू शाळेतले निवृत्त सर आहेत, शिकस्ता (उर्दू-फारसीचं घसटतं) अक्षर सहज वाचतात. आजच विचारते. आणि एक, रजिस्टर झेरॉक्सला नेऊ नका, दाबलं की बांधणी उसवते आणि पान कडेने तुटतं. खिडकीजवळ टेबलावर ठेवून मोबाईलवर फोटो काढा, फ्लॅश बंद, प्रत्येक पानाचा नंबर कागदावर लिहून शेजारी ठेवा.

छावणीची_पोर:
मी फोटो काढायला येते. गाडी पण माझी घ्या, पाच जण बसतात.

लातुरी_ठेचा:
मी लातूरहून आदल्या रात्रीच्या एसटीनं येतो. मला त्या पंगतीची जागा बघायची हाय.

गंगापूरकर:
या. जेवणाला थांबायचं मात्र, भाकरी आणि पातळ वरण आहे. फादरांना आज संध्याकाळी फोन करतो आणि कोणता रविवार ते इथंच कळवतो.